‘सेफ’, ‘नॉमिनेट’ आणि धक्का: अनपेक्षित एलिमिनेशनची पार्श्वभूमी

‘नॉमिनेशन’ या शब्दाने मराठी प्रेक्षकाचा जेवढा घोळ केला, तेवढा कुठल्या स्पर्धकानेही केला नसेल. पुरस्कार सोहळ्यात नामांकन मिळालं तर पेढे वाटायचे आणि ‘बिग बॉस’च्या घरात मिळालं तर बॅग भरायला घ्यायची. शब्द एकच, अर्थ उलटा. त्यामुळे ‘अमुक नॉमिनेट झाला’ हे ऐकून पहिल्या हंगामात अनेक घरांत आजी-आजोबांनी आनंद व्यक्त केला असेल, तर त्यांचं काही चुकलं नाही.

गोंधळ इथेच संपत नाही. नॉमिनेट झालेल्यांपैकी कुणाला तरी मत द्यायचं, म्हणजे नेमकं काय करायचं? ब्रिटनमध्ये २००० साली हा खेळ ‘बिग ब्रदर’ या नावाने सुरू झाला तेव्हा प्रेक्षक फोन करून ‘याला बाहेर काढा’ असं मत देत. मराठीत मत ‘याला वाचवा’ यासाठी असतं. फरक बारीक वाटतो, पण पुष्कळ धक्के याच फटीतून येतात. काढण्याचं मत असेल तर ज्याचा लोकांना राग येतो तो जातो. वाचवण्याचं मत असेल तर ज्याच्याबद्दल कुणाला फारसं काहीच वाटत नाही तो जातो. रागाला इथे मोजपट्टीच नाही. भांडकुदळ माणसाचे पाच टक्के कट्टर चाहते रोज न चुकता मत देतात. सज्जन, शांत, ‘चांगला आहे हो’ असं सगळे ज्याच्याबद्दल म्हणतात, त्याच्यासाठी फोन हातात कुणी घेत नाही. ‘इतका चांगला माणूस कसा गेला?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘चांगला होता म्हणूनच’ असं असतं.

दुसरी फट मतविभागणीची. समजा चौघे नॉमिनेट आहेत आणि एकूण मतं १०० धरली. त्यातले दोघे एकाच गटाचे, चाहतेही एकच. त्या चाहत्यांची मिळून ४० मतं. पण ती २४ आणि १६ अशी फुटली. उरलेल्या दोघांना ३५ आणि २५. बाहेर जाणार १६ वाला, म्हणजे ज्याच्यामागे घरातला सगळ्यात मोठा चाहतावर्ग आहे त्याच गटाचा माणूस. तेच त्या आठवड्यात जोडीदार कॅप्टन असता आणि त्यामुळे नॉमिनेशनमधून सुटला असता, तर ही ४० च्या ४० मतं एकाच्या पदरात पडून तो पहिला आला असता. लोकप्रियता तीच, फक्त शेजारी कोण उभा आहे हे बदललं. म्हणून अंदाज बांधताना आधी ‘कोण आवडतं’ हे बघू नये; या आठवड्याच्या यादीत कुणाकुणाचे चाहते एक आहेत, ते आधी बघावं. मागच्या आठवड्याची मतं पुढे येत नाहीत, हेही विसरू नये. दर खेपेला पाटी कोरी.

हे गणित टीव्हीवर नवं नाही. ‘इंडियन आयडॉल’चा पहिला हंगाम ऑक्टोबर २००४ ते मार्च २००५ चालला. पहिल्या तिघांत दोन तरुण मराठी होते. त्यातला एक तिसऱ्या क्रमांकावर थांबला तेव्हा महाराष्ट्रात चांगलीच हळहळ झाली, कारण गळ्याच्या बाबतीत तोच पुढे आहे असं मानणारे पुष्कळ होते. मराठी मतं फुटली, हे त्या वेळचं स्पष्टीकरण आजही पटण्यासारखं आहे. दुसरा मात्र जिंकला. २००७ च्या तिसऱ्या हंगामात तर अंतिम फेरीतल्या दोघांच्या गावी, दार्जिलिंग आणि शिलाँग इथे, वर्गणी काढून, पीसीओवर रांगा लावून मतं टाकली गेली. मत ही गाण्याला दिलेली दाद नसून गावाचा अभिमान असतो, हे तिथे लख्ख दिसलं.

एसएमएसच्या काळात मत वाया जाण्याचे प्रकारही ठरलेले होते. सांकेतिक शब्द, मग एक मोकळी जागा, मग स्पर्धकाचं नाव किंवा क्रमांक. जागा सोडायची राहिली किंवा स्पेलिंग चुकलं की मत बाद, पैसे मात्र कापलेले. या संदेशाचा दर साध्या एसएमएसपेक्षा बराच जास्त, आणि एसएमएसचा पॅक त्याला लागू नाही. प्रीपेड शिल्लक संपली की घरातल्या दुसऱ्याचा फोन मागायचा.

पुण्यात या सगळ्याची खरी परीक्षा झाली ती ‘सा रे ग म प’च्या लिटल चॅम्प्समध्ये. फेब्रुवारी २००९ च्या महाअंतिम फेरीत पाच मुलं होती: आळंदी, पुणे, अलिबाग, रत्नागिरी आणि लातूर अशा पाच गावांची. विजेती आळंदीची ठरली आणि पुण्यात पुढचे काही आठवडे ‘एसएमएसने गाणं ठरतं का?’ हा वाद चालला. त्या वादात शास्त्रीय तालमीचा आग्रह होता तसाच, उघड बोलायचं तर, पेठांचा थोडा अहंकारही होता. आळंदी पुण्यापासून पाऊण-एक तासावर. तिथल्या भजन-कीर्तनाच्या कानांना वेगळं काही भावू शकतं हे मान्य करायला पुण्याला वेळ लागला. २०२१ मध्ये लिटल चॅम्प्सचं नवं पर्व आलं तेव्हा तीच पाचही मुलं परीक्षकांच्या खुर्च्यांवर एकत्र बसली. जिंकलेली आणि हरलेली, सगळी एका रांगेत.

परीक्षकांवर सोपवलं तर धक्के बसत नाहीत, हा समजही पुण्याला फार काळ बाळगता आला नाही. पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत प्रेक्षकांचं मत नसतंच. भरत नाट्य मंदिरात कितीही घोषणा द्या, निर्णय परीक्षकांचा. २०२२ मध्ये परीक्षकांनी एकही संघ करंडकाच्या योग्यतेचा नाही असं ठरवलं आणि करंडक कुणालाच दिला नाही. म्हणजे एका अर्थी सगळेच एलिमिनेट.

‘बिग बॉस मराठी’ एप्रिल २०१८ मध्ये आलं. पहिलं घर लोणावळ्यात होतं, पुणेकरांच्या दृष्टीने अगदी अंगणात. दुसऱ्या हंगामापासून ते मुंबईच्या चित्रनगरीत गेलं. तोवर मतं अ‍ॅपवर आली होती. पैसे लागेनात, स्पेलिंगची भीती गेली, पण नवी गाळणी आली: अ‍ॅप उतरवा, मोबाइल क्रमांकाने खातं उघडा, ओटीपी टाका, मतदान सुरू आहे तेवढ्यात मत द्या. रोज रात्री टीव्हीसमोर बसणारा आणि मत देणारा, हे दोन वेगळे प्रेक्षक झाले. त्यात चौथ्या आणि पाचव्या हंगामाच्या मधे अ‍ॅपच बदललं.

पाचवा हंगाम २८ जुलै २०२४ ला सुरू झाला आणि सगळ्यात जास्त आश्चर्याचे उद्गार त्यातच निघाले. पहिल्याच आठवड्यात आळंदीचे कीर्तनकार बाहेर पडले. त्यांना ऐकणारा माणूस गावोगावच्या सप्ताहांत बसलेला असतो. सात दिवसांत त्याने अ‍ॅप उतरवून मत द्यावं ही अपेक्षाच भाबडी होती. पहिला आठवडा नेहमीच असा असतो: ज्याचे चाहते आधीपासून मोबाइलवर आहेत त्याला आयती आघाडी. पुढे ऑगस्टमध्ये मालिकांमधून घराघरांत पोचलेले दोन चेहरे एकाच आठवड्यात गेले. मालिका बघणं ही सवय आहे, मत देणं हे काम आहे.

सर्वांत जास्त गैरसमज मात्र सूत्रसंचालकाच्या घोषणेबद्दल आहेत. ‘तू सेफ आहेस’ हे ज्या क्रमाने सांगतात तो मतांचा क्रम असतोच असं नाही. ती रचना नाट्यासाठी असते. शेवटी उभे राहिलेले दोघे म्हणजे तळाचे दोघेच, असं धरून रागावण्यात अर्थ नाही. मतांचे आकडे आठवड्याला जाहीर होत नाहीत, त्यामुळे समाजमाध्यमांवरच्या पोलचे टक्के लोक निकाल म्हणून वाचतात. पण तिथे मत देणारा कट्टर चाहता असतो आणि तो दहा ठिकाणी तेच मत देत फिरतो. शिवाय चित्रीकरण प्रसारणाच्या आधी होतं. ‘बाहेर पडलेल्याचं नाव आधीच फुटलं’ हे त्या मधल्या तासांमुळे, निकाल आधीच ठरला होता म्हणून नव्हे.

ज्याबद्दल रागावणं रास्त आहे ते वेगळंच. आठवडाभर मतं मागायची आणि रविवारी ‘या आठवड्यात एलिमिनेशन नाही’ म्हणायचं. बाहेर पडलेल्याला पुन्हा आत आणायचं, जसं २०१९ मध्ये तब्येतीचं कारण देऊन गेलेल्या एका अभिनेत्रीला आणलं. किंवा १०० दिवसांचा खेळ ७० वर आटोपायचा, जसा पाचव्या हंगामात आटोपला. दिवस कमी झाले की शेवटच्या आठवड्यांत बाहेर पडण्याची घाई होते, आणि ज्याने हळूहळू चाहते जमवले तो त्यात सापडतो. यातलं काहीही मतांनी होत नाही, तरी ओरड होते ती मतांच्या नावाने.

६ ऑक्टोबर २०२४ च्या अंतिम सोहळ्यात सहा जण उरले होते. त्यातली एक ९ लाख रुपये घेऊन स्वतःहून बाहेर पडली; हिशेबाच्या दृष्टीने त्या रात्रीचा सगळ्यात शहाणा निर्णय. २००५ मध्ये एसएमएसवर ‘इंडियन आयडॉल’ जिंकलेला तो गायक अ‍ॅपच्या मतांवर दुसरा आला. पहिला आला तो पुणे जिल्ह्यातल्याच बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा मुलगा. त्याची ओळख मुळात मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओंतून झालेली, म्हणजे त्याचे मतदार खेळ सुरू होण्याआधीच फोन हातात घेऊन बसलेले होते.