रंग बदलणारी काच इतकी सावकाश का?

टंगस्टन ट्रायऑक्साइडची पूड फिकट पिवळी असते, पण काचेवर त्याचा काहीशे नॅनोमीटर जाडीचा थर चढवला की तो जवळपास दिसतच नाही. या थराला एक-दोन व्होल्टचा ऋण दाब दिला की काच गडद निळी होते आणि दाबाची दिशा उलटवली की पुन्हा स्वच्छ. या गुणधर्माला इलेक्ट्रोक्रोमिझम म्हणतात.

थरात नुसते इलेक्ट्रॉन घुसवून भागत नाही. त्यांचा ऋण प्रभार फेडायला दुसऱ्या बाजूने तितकेच धन आयन आत यावे लागतात, बहुधा लिथियमचे किंवा हायड्रोजनचे. सुदैवाने या ऑक्साइडची रचनाच ऐसपैस आहे. टंगस्टनच्या प्रत्येक अणूभोवती सहा ऑक्सिजन असतात, त्यांचा मिळून आठ पृष्ठांचा आकार म्हणजे अष्टफलक बनतो, हे अष्टफलक फक्त कोपऱ्यांशी जोडलेले असतात आणि त्यांच्यामधल्या पोकळ्यांत लिथियम सहज मावते. इलेक्ट्रॉन मात्र टंगस्टनवर जाऊन बसतो, त्यामुळे काही अणूंचा प्रभार +6 वरून +5 होतो. आता तांबडा किंवा अवरक्त प्रकाश पडला, की त्याची ऊर्जा घेऊन हा इलेक्ट्रॉन शेजारच्या +6 अणूवर उडी मारतो. तांबडा प्रकाश असा खर्ची पडतो. आपल्यापर्यंत पोचतो तो निळा.

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने 1815 मध्येच हे ऑक्साइड हायड्रोजनमध्ये तापवून त्याचा रंग पालटलेला पाहिला होता. पातळ थरात तेच काम विजेने करून घेता येते, हे संशोधक एस. के. देब यांनी 1969 मध्ये दाखवले. मधली दीडशे वर्षे पाहता हा शोध उशिराच लागला म्हणायचा.

खिडकीच्या काचेत समोरच्या बाजूला बहुधा निकेल ऑक्साइडचा थर असतो. त्याचा स्वभाव नेमका उलटा: आयन गमावले की तो तपकिरी होतो. त्यामुळे दोन्ही थर एकदमच गडद होतात आणि निळ्या-तपकिरीच्या मिश्रणातून डोळ्यांना बरी वाटणारी करडी छटा मिळते. खरे तर ही आरपार दिसणारी बॅटरीच. किती चार्ज झाली ते रंगावरून कळते. वीज तोडली तरी छटा बराच वेळ टिकते, कारण बाहेरची तार तुटल्यावर इलेक्ट्रॉनांना परतायला वाट नसते, आणि त्यांच्याशिवाय आयनही परतत नाहीत.

दुखणेही याच आयनांचे. इलेक्ट्रॉनच्या मानाने ते फार जड आणि मंद, शिवाय मोठ्या काचेत वीज पोचवणाऱ्या पारदर्शक वाहक थराचा रोधही आडवा येतो. म्हणून आधी कडा गडद होतात, मग मधला भाग, आणि सगळी काच रंगायला काही मिनिटे लागतात. वारंवार ये-जा करताना काही लिथियम आयन थरातल्या खोल जागांत अडकतात आणि रंगबदल फिका पडत जातो. थर झिजला, असे यावर कोणीही म्हणेल. पण स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवले की बराच वेळ स्थिर प्रवाह देऊन हे अडकलेले आयन बाहेर काढले, तर थर पुन्हा पहिल्यासारखा रंगतो.