माळावरील लांडगा : रोगनियंत्रण (सोलापूर)

सोलापूर जिल्ह्यातील नान्नज, मार्डी, कारंबा, अकोलेकाटी भागातील गवताळ माळांवर वावरणाऱ्या भारतीय लांडग्याला कुत्र्यांकडून होणाऱ्या रोगांपासून, मुख्यतः रेबीज आणि कॅनाइन डिस्टेंपरपासून, वाचवण्याचे काम. नान्नजचे अभयारण्य १९७९ सालचे आणि माळढोकाच्या नावाचे असले, तरी या माळावरचा प्रमुख शिकारी लांडगाच.

मेलेली जनावरे आणि पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या गावाबाहेर उघड्यावर टाकल्या, की तिथे गावकुत्री, कोल्हे, खोकड आणि लांडगे एकाच ताटावर येतात. डिस्टेंपरचा विषाणू गोवराच्या कुळातला. शिंकेतून, नाका-डोळ्यांच्या स्रावातून पसरतो. उन्हात तो फार टिकत नाही. म्हणजे धोका मढ्यापेक्षा त्याभोवती तोंडाला तोंड लावणाऱ्या गर्दीचा. पार्व्हो या कुत्र्यांच्या दुसऱ्या विषाणूचे उलटे आहे : तो मातीत महिनोन्महिने जिवंत राहतो, त्यामुळे एकदा बाधित झालेले बीळ पुढच्या पिल्लांनाही घातक ठरू शकते.

ताप, डोळ्यांना चिपडे, खोकला, हगवण, पुढे झटके आणि माणसाची भीती जाणे ही डिस्टेंपरची लक्षणे. शेवटच्या दोन लक्षणांमुळे असा लांडगा ‘पिसाळलेला’ ठरवून मारला जातो. नजरेने निदान करू नये. रेबीजसाठी मेंदूचा, विशेषतः मेंदूखोड आणि लहान मेंदूचा, नमुना बर्फावर ठेवून फ्लुओरेसंट अँटिबॉडी चाचणीला (विषाणू चमकवून दाखवणाऱ्या) पाठवतात. डिस्टेंपरसाठी फुप्फुस, प्लीहा, मूत्राशय यांचे तुकडे पीसीआरसाठी (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) थंड आणि सूक्ष्मदर्शक तपासणीसाठी तुकड्याच्या दहापट आकारमानाच्या १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये. सोलापूरच्या ४० अंशांपुढच्या उन्हात मढे काही तासांत कुजते, आणि बहुतेक निदाने तिथेच हुकतात. जिवंत लांडग्याच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली, तर तो आजारी आहे असे नव्हे. पूर्वी संसर्ग होऊन वाचला, एवढेच. लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने अभ्यासासाठी पकडायला केंद्राची पूर्वपरवानगी लागते. भुलीत त्याचे तापमान चटकन चढते, म्हणून हे काम हिवाळ्यात, पहाटे करावे.

खरा भर कुत्र्यांच्या लसीकरणावर. रेबीजची लस १ मिली, २ ते ८ अंशांत जपलेली, दरवर्षी. किमान ७० टक्के कुत्र्यांना एकाच फेरीत टोचावी लागते. नवी पिल्ले जन्मतात, जुनी कुत्री मरतात, त्यामुळे वर्षभरात हा आकडा आपोआप घसरतो. डिस्टेंपरसाठी पिल्लांना ६ ते ८ आठवड्यांपासून, ३-४ आठवड्यांच्या अंतराने, १६ आठवड्यांचे होईपर्यंत डोस लागतात. शिबिरे हमखास फसतात ती धनगरांच्या कुत्र्यांपाशी : शिबिराच्या दिवशी ती वस्तीवर नसतात, मेंढरांबरोबर माळावर असतात. आणि लांडग्यांच्या सर्वांत जवळ तीच. रात्री वाघरीवर (मेंढरे कोंडायच्या जाळीच्या कुंपणावर) जाऊनच ती गाठावी लागतात.

मात्र कुत्र्यांच्या लसीने दोन्ही रोग सारखे आटोक्यात येत नाहीत. रेबीज आटोक्यात येतो. डिस्टेंपरला इतर यजमान (विषाणू बाळगणारे प्राणी) पुष्कळ. टांझानियातील सेरेंगेटीत कुत्र्यांना लस देऊनही सिंहांमधला संसर्ग थांबला नाही. मग लांडग्यांनाच का टोचू नये? कुत्र्यांची जिवंत, दुर्बल केलेली लस वन्य मांसभक्षकांत रोगच निर्माण करू शकते : अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अशी लस दिलेल्या ६ काळपाय्या फेरेटांपैकी (मुंगसासारखे दिसणारे छोटे मांसभक्षक) ४ त्या लसीनेच दगावले. कॅनरीपॉक्स या पक्ष्यांच्या विषाणूवर आधारित लस या बाबतीत सुरक्षित, पण प्रत्येक लांडगा पकडून टोचावा लागतो. इथिओपियातील लांडग्यांसाठी २०१८ पासून बकऱ्याच्या मांसात दडवलेली रेबीजची तोंडावाटे लस वापरात आहे. सोलापूरच्या माळावर तसे आमिष आधी गावकुत्रीच फस्त करतील.