उतरवलेली गिटार आणि बॅरिटोन गिटार

मिरजेहून तंबोरा मागवणाऱ्याला गायकाचा तंबोरा मोठा आणि गायिकेचा लहान का असतो, हे समजावून सांगावे लागत नाही. लहान तंबोऱ्याच्या तारा सैल करून त्यावर पुरुषाचा खर्जातला षड्ज धरण्याचा खटाटोप सहसा कोणी करत नाही. गिटारच्या बाबतीत मात्र नेमका हाच खटाटोप सर्रास केला जातो. घरातल्या साध्या गिटारच्या तारा चार-पाच अर्धस्वर उतरवायच्या आणि तिलाच बॅरिटोन, म्हणजे मुळातच खालच्या स्वरांसाठी बनवलेली लांब गिटार, म्हणायचे, असा प्रकार फोंड्या-डिचोलीकडे अभंग-भावगीतांच्या साथीला बसणाऱ्यांतही दिसतो. मी स्वतः दोन वर्षे तेच करत होतो, त्यामुळे या दोन वस्तूंमधला फरक मला पुस्तकातून नव्हे, तर वाजवताना कळला.

साध्या गिटारची सर्वांत जाड तार पांढरी तीनला (ई), म्हणजे सुमारे 82 हर्ट्झवर लागते. बॅरिटोनची तीच तार बहुधा पांढरी सातला (बी), म्हणजे सुमारे 62 हर्ट्झवर लावतात, आणि इतर पाचही तारा त्याच प्रमाणात खाली येतात. काही वादक आणखी एक पूर्ण स्वर खाली, पांढरी सहाला जातात. बोटांच्या जागा बदलत नाहीत. जो हात साध्या गिटारवर जी मेजर धरतो, तोच हात बॅरिटोनवर डी मेजर वाजवतो. येथेच गैरसमजाला वाव मिळतो, कारण स्वर खाली आणणे एवढेच काम असेल तर खुंट्या पिळल्या की झाले, असे वाटते.

खरा फरक तारेच्या लांबीचा आहे. साध्या गिटारवर नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ते सॅडल (धडावरची, तारांखालची पट्टी) एवढी लांबी साधारण 25.5 इंच असते, तर बॅरिटोनवर ती 27 ते 30 इंचांच्या दरम्यान असते. तारेतला ताण तिच्या लांबीच्या वर्गाच्या आणि कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. तार तीच ठेवून दोन अर्धस्वर उतरवले तर सुमारे 79 टक्के ताण उरतो आणि वाद्य ते निभावून नेते. पाच अर्धस्वर उतरवले की 56 टक्केच उरतो. मग तार पडद्यांवर आपटते, आणि जोरात छेडल्यावर स्वर आधी चढून नंतर खाली बसतो. तंबोऱ्यात जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी झणझण, मुद्दाम काढावी लागते. येथे नको असलेली खरखर फुकट मिळते, एवढेच.

यावर उपाय म्हणून जाड तारा चढवल्या जातात. साधा हलका संच (सर्वांत बारीक ते सर्वांत जाड तार) 0.012 ते 0.053 इंच जाडीचा असतो, तर बॅरिटोनचा संच साधारण 0.016 ते 0.070 इंचांचा. साध्या गिटारवर हा संच बसवण्यासाठी नटच्या खाचा कानशीने रुंद कराव्या लागतात, आणि एकदा त्या रुंद झाल्या की नेहमीच्या तारा त्यांत हलू लागतात. परत फिरायचे तर नवा नट बसवावा लागतो. शिवाय जाड तार आखूड लांबीवर काठीसारखी ताठ वागते, त्यामुळे तिचे उपस्वर मूळ स्वराशी जुळत नाहीत आणि वरच्या पडद्यांवर स्वर चढा लागतो. त्याच तारा 27.7 इंचांच्या गिटारवर चढवल्या, तर आखूड गिटारच्या तुलनेत ताण सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो, आणि हाताला जाणवते ती तार भरीव असते. हा संच साध्या गिटारवर चढवून चुकूनही नेहमीच्या पट्टीत ताणू नये, कारण ताण जवळजवळ पावणेदोन पट होतो आणि ब्रिज, म्हणजे तारा अडकवलेली धडावरची पट्टी, उखडू शकतो.

अकूस्टिक बास ही तिसरीच वस्तू आहे. तिला बहुधा चार तारा असतात, लांबी साधारण 34 इंच असते, आणि ती साध्या गिटारपेक्षा एक सप्तक खाली वाजते. तिच्यावर कॉर्ड धरून गाण्याला साथ करता येत नाही, म्हणून आपल्या विचारात ती येत नाही.

साथीच्या दृष्टीने बॅरिटोनचा मोठा फायदा काळी एक पट्टीत गाणाऱ्या गायकासाठी आहे. दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सर्व तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावला की ई कॉर्डचा आकार थेट काळी एकला वाजतो, आणि खालची मोकळी तार 69 हर्ट्झचा षड्ज धरून राहते. साध्या गिटारवर पट्टी कॅपोने मिळते, पण इतका खालचा षड्ज कॅपोने मिळत नाही. पाचव्या पडद्यावर कॅपो लावल्यास बॅरिटोन साध्या गिटारच्या पट्टीत येते, त्यामुळे ती अगदीच एकमार्गी नाही. मात्र पहिल्या चार पडद्यांचा पल्ला साध्या गिटारवर सुमारे 13.4 सेंटिमीटर, तर 27.7 इंचांच्या बॅरिटोनवर सुमारे 14.5 सेंटिमीटर भरतो. लहान पंजाच्या माणसाने हे आधी हातात धरून पाहावे.

तेव्हा बजेट मध्यम असेल तर आधी किती खाली जायचे ते ठरवावे. दोन अर्धस्वरांपर्यंत जायचे असेल तर नवे वाद्य घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. आहे त्या गिटारवर थोड्या जाड तारा आणि चांगला सेटअप पुरतो. चार अर्धस्वर किंवा त्याहून खाली रोज वाजवायचे असेल, तर तडजोडीवर खर्च करू नये. टेलर कंपनीची बॅरिटोन या बजेटच्या बाहेर राहते. अल्वारेझ कंपनीची एबीटी 60 ही बॅरिटोन तुलनेने आवाक्यातली आहे. जुने वाद्य घेताना विक्रेत्याच्या शब्दावर न जाता नटपासून बाराव्या पडद्यापर्यंत टेप लावावी. अंतर 34 सेंटिमीटरच्या वर असेल तरच ती बॅरिटोन. 32 ते 32.5 भरले, तर ती उतरवलेली साधी गिटार.

गोव्याच्या पावसाळ्याचा विचारही येथेच करावा. जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा गिटारला मानवणाऱ्या पन्नास टक्क्यांच्या आसपास राहतच नाही. लाकूड फुगते, वरची पाटी पोटासारखी वर येते आणि तारा पडद्यांपासून उंच होतात. म्हणून वरची पाटी अखंड लाकडाची आणि पाठ व बाजू लॅमिनेटच्या, अशी रचना माझ्या मते येथे सर्वांत सोयीची. पूर्ण अखंड लाकडाचे वाद्य गोड वाजते, पण पावसात त्याची निगा राखणे हेच एक काम होऊन बसते. ट्रस रॉड, म्हणजे मानेचा बाक दुरुस्त करणारी आतली सळई, सहज फिरते की नाही, हे घेण्यापूर्वी पाहावे. खाऱ्या हवेत तारा लवकर गंजतात आणि बॅरिटोनचा संच कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेलच असे नाही, म्हणून गिटार मागवतानाच आवरण असलेल्या तारांचे दोन संच आणि तिच्या लांबीला पुरेल अशी पेटी मागवावी.