वाहतं पाणी आपोआप शुद्ध होतं?

‘वाहत्या पाण्याला दोष नाही, खत नदीत गेलं तरी विरून जातं’ हा समज पंचगंगेकाठी अजून ऐकू येतो. तो चुकीचा आहे. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो. उसाला पाटानं भरमसाट पाणी पाजलं की पिकानं न घेतलेला अंश नायट्रेट होऊन निचऱ्यातून नदीत उतरतो. तो विरघळतो, नाहीसा होत नाही. शिवाय उन्हाळ्यात नदी वाहते कुठे? कोल्हापुरी बंधाऱ्यांमागे ती तुंबते. तिथं शेवाळ आणि जलपर्णी माजते. ती कुजताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मासे गुदमरतात. शहरांचं नि कारखान्यांचं सांडपाणी झाकून एकट्या शेतकऱ्याला धरणं मात्र अन्यायाचं आहे. आणि हो, पाणी उकळूनही नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्यानं त्याचं प्रमाण वाढतं. युरिया हप्त्यांनी, मातीआड द्या.