वृद्धांचे नैराश्य आणि विदर्भातील मानसिक आरोग्यसेवा : पार्श्वभूमी

विदर्भात मानसिक आजारांवरील सरकारी उपचाराची सुरुवात 1864 मध्ये नागपुरात उभ्या राहिलेल्या मनोरुग्णालयापासून धरली जाते. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे खेड्यातल्या माणसासाठी उपचार म्हणजे ‘नागपूरला नेणे’ एवढेच होते. नेले जात ते अंगावर धावून जाणारे किंवा घर सोडून भटकणारे रुग्ण. ओसरीवर गप्प बसून राहणाऱ्या, जेवणावरची वासना उडालेल्या म्हाताऱ्या माणसाला तिकडे न्यावे असे कोणाच्या मनातही येत नसे. 1982 चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि 1996 मध्ये सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम यांनी उपचार गावाजवळ आणण्याचे धोरण मांडले. इथल्या खेड्यांतील आजची व्यवस्था मात्र प्रामुख्याने 2005 नंतरच्या दहा-बारा वर्षांत घडली, आणि ती शेतकरी आत्महत्यांच्या दबावाखाली घडली. वृद्ध तिच्या कडेला का राहिले, याचे उत्तर बऱ्याच अंशी त्या काळातल्या एका निर्णयात आहे.

डिसेंबर 2005 मध्ये राज्याचे 1,075 कोटी रुपयांचे आणि जुलै 2006 मध्ये केंद्राचे 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. केंद्राचे पॅकेज अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी होते, आणि त्याचा भर कर्ज, व्याज, सिंचन व बियाणे यांवर होता. तो निर्णय याच सुमारास झाला: आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाख रुपये देण्याचे निकष ठरले, त्यांपैकी 30 हजार रोख आणि 70 हजार ठेवीच्या रूपात. नापिकी, कर्जबाजारीपणा आणि कर्जफेडीचा तगादा ही कारणे सिद्ध झाली तर प्रकरण ‘पात्र’. आजारपण, व्यसन किंवा घरगुती वाद असा शेरा पडला तर ‘अपात्र’. सरकारी पैसा वाटायचा तर काही कसोटी लागणारच, हे मान्य केले पाहिजे. परंतु या कसोटीने कर्ज आणि आजार यांना एकमेकांसमोर उभे केले. प्रत्यक्षात ज्याच्यावर कर्ज आहे त्याचीच झोप उडते आणि त्याच्याच मनावर आजाराची पकड बसते. फायलीत मात्र दोन्ही एकत्र नांदू शकत नव्हते.

तलाठी, पोलीस पाटील आणि बँकेचा माणूस दारात आलेले असताना जबाब बहुधा मृताच्या वृद्ध वडिलांचा घेतला जाई. सातबारा अनेकदा त्यांच्याच नावावर असे, आणि सुरुवातीला त्यावरूनही प्रकरणे अडत. मुलगा महिनोन्‌महिने कोणाशी बोलत नव्हता, रात्री अंगणात येरझारा घालत होता, हे त्या म्हाताऱ्याला ठाऊक असे; पण ते सांगणे म्हणजे सुनेच्या आणि नातवंडांच्या हातचे पैसे घालवणे. मन आजारी पडते ही गोष्ट कागदावर येऊ द्यायची नाही, हा धडा गावांनी तेव्हा घेतला. मुलाच्या पश्चात त्या घरात उरलेल्या आई-वडिलांचे काय होते, हे विचारायला पुन्हा कोणी यायचे नाही.

2015 नंतर राज्याने 14 आत्महत्याप्रवण जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी समुपदेशनाचा कार्यक्रम सुरू केला आणि आशाताई घरोघरी प्रश्न विचारू लागल्या. हे मोठे पाऊल होते. सरकारी योजनेतून गावपातळीवर मनाविषयी विचारणारा माणूस आला. मात्र रोख कर्जबाजारी, कर्त्या पुरुषावर होता. शिवाय वृद्धाचे नैराश्य ‘उदास वाटते’ या शब्दांत क्वचितच समोर येते. “आबाजी, बरं वाटते का?” असे विचारले की “काही नाही बाप्पा, वय झालं,” एवढेच उत्तर येते. खरी माहिती इतर तक्रारींतून मिळते. अंग दुखते, छातीत घाबरल्यासारखे होते, पहाटे तीनला जाग येते, पारावर जाणे बंद झालेले असते, पोळ्याला बैल सजवतानाही हात पुढे होत नाही. कधी विसराळूपणा वाढतो आणि घरचे म्हातारचळ समजून सोडून देतात. थायरॉइडचा विकार, ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता किंवा बहिरेपण यांमुळेही असेच चित्र दिसू शकते, म्हणून तपासणी लागते.

गावातच मदत मिळाली तर लोक येतात, हेही त्याच सुमारास दिसले. अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत स्थानिक कार्यकर्त्यांमार्फत झालेल्या एका प्रकल्पात, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले.

वृद्धांसाठीची धोरणे वेगळ्या वाटेने चालली होती: 1999 चे राष्ट्रीय धोरण, 2007 चा पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा, 2010-11 चा आरोग्य कार्यक्रम. त्यांची ओळख निर्वाहभत्ता, गुडघे, मोतीबिंदू आणि साखर यांच्याशी जुळली. 2017-18 च्या देशव्यापी पाहणीत साठीपुढील 8.3 टक्के लोकांत नैराश्याची लक्षणे आढळली. निदान झाल्याचे सांगणारे होते 0.8 टक्के.

सांभाळ करणाऱ्यांना तर कोणत्याच यादीत नाव मिळाले नाही. मुलगा पुण्याला किंवा नागपूरजवळ बुटीबोरीला, आणि अर्धांगवायू झालेल्या सासऱ्यांपाशी सून, किंवा स्वतः सत्तरीला टेकलेली सासू. रात्री तीनदा उठून कूस बदलून द्यायची आणि सकाळी कापूस वेचायला जायचे, हे वर्षानुवर्षे चालले की चिडचिड, रडू, भूक मंदावणे ही लक्षणे त्या बाईतही दिसू लागतात. घर त्याला स्वभाव म्हणते.

29 मे 2018 पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा हक्क ठरवला आणि आत्महत्येच्या प्रयत्नाकडे गुन्हा म्हणून पाहणे जवळजवळ थांबवले, त्यामुळे पोलिसांच्या भीतीने लपवण्याचे एक कारण कमी झाले. ऑक्टोबर 2022 पासून ‘टेली-मानस’ या सरकारी दूरध्वनी सेवेच्या 14416 या क्रमांकावर समुपदेशकाशी मोफत बोलता येते, आणि हा क्रमांक सांभाळणाऱ्यांसाठीही आहे. नैराश्यावरील औषधांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे, वृद्धांत कधी त्याहून अधिक लागतात, हे पहिल्याच भेटीत सांगितले गेले नाही तर पंधरवड्यात गोळ्या बंद होतात. आशाताईंच्या सध्याच्या तपासणी अर्जात मागील दोन आठवड्यांविषयी दोन प्रश्न आहेत, एक कामातील रस कमी होण्याचा आणि दुसरा निराश वाटण्याचा. गुण जास्त आले तर उपकेंद्रात पाठवले जाते. हा अर्ज 30 वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे. त्यामुळे सासऱ्यांची उत्तरे नोंदवली जातात आणि त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या सव्वीस वर्षांच्या सुनेला तेच दोन प्रश्न विचारले जात नाहीत.