मृदुकाष्ठ फळी : ओळख व निवड

सूचिपर्णी (शंकुमंत) वृक्षांच्या ओंडक्यातून चिरलेली फळी. वनस्पतिशास्त्राप्रमाणे प्रकटबीज (बी फळात झाकलेले नसलेल्या) वृक्षांचे लाकूड ते मृदुकाष्ठ आणि आवृतबीज (बी फळात झाकलेले असलेल्या, सपुष्प) वृक्षांचे ते कठीण काष्ठ. ही विभागणी लाकडाच्या घडणीवरून केलेली आहे, ते नखाला किती मऊ लागते यावरून नव्हे. त्यामुळे काडेपेटीच्या काड्यांसाठी वापरली जाणारी सावर कठीण काष्ठात मोडते, बाल्साही तेथेच. उलट ठुणेराचे (हिमालयातील एक सूचिपर्णी वृक्ष) घट्ट, जड लाकूड मृदुकाष्ठ ठरते. कोकण किनाऱ्यावरचा सुरू दुरून सूचिपर्णी वाटतो, पण तो सपुष्प असल्याने त्याचे लाकूड कठीण काष्ठच. वखारीत ‘मऊ लाकूड’ म्हणजे सागापेक्षा हलके आणि स्वस्त असे काहीही. प्रस्तुत नोंदीत शास्त्रीय अर्थच घेतला आहे.

नाशिक जिल्ह्यात सूचिपर्णी वृक्षांची नैसर्गिक वने नाहीत. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या पश्चिमेकडील तालुक्यांच्या रानांत साग, ऐन, खैर यांसारखे पानझडी वृक्ष आढळतात. द्वीपकल्पीय भारतातला एकमेव देशी शंकुमंत वृक्ष, नागिया वॉलिचियाना, दक्षिण सह्याद्रीपुरता मर्यादित आहे. जुन्या नाशकातील वाड्यांचे खांब व तुळया बहुधा सागाच्या असण्याचे कारण यातच आहे. मृदुकाष्ठ येथे बाहेरूनच येते : काही हिमालयातून, बरेचसे परदेशातून कांडला बंदरामार्गे (ओंडके गांधीधाम परिसरातील करवत गिरण्यांत चिरले जातात) आणि काही सातपूर-अंबडच्या कारखान्यांत यंत्रांबरोबर आलेल्या खोक्यांच्या व पॅलेटच्या रूपाने.

नावांचा घोळ : मराठीत पेटीच्या हलक्या, पांढरट फळीला ‘देवदारी’ म्हणण्याची जुनी रीत आहे. शास्त्रीय दृष्ट्या देवदार म्हणजे पश्चिम हिमालयातील सीड्रस देवदार. मात्र बंगालमध्ये ‘देबदारु’ हे नाव आसुपालवाला (पॉलिअल्थिया लाँगिफोलिया) दिले जाते, तर तमिळ प्रदेशात ते एरिथ्रोझायलम मोनोगायनम या अगदी वेगळ्या कुलातील झाडाला लावतात. म्हणजे नाव एक आणि झाडे निदान तीन, त्यांतली दोन तर मृदुकाष्ठेही नव्हेत. ‘देवदारी’ फळीची उपपत्ती दोन प्रकारे लावता येते. पूर्वी खरा देवदारच या बाजारात येत असावा व पुढे त्याचे नाव इतर फळ्यांना चिकटले असावे, ही एक. देवदार प्रत्यक्षात फारसा न येता बोटीने आलेल्या पाइनच्या खोक्यांनाच ओळखीचे नाव मिळाले असावे, ही दुसरी. दुसरी अधिक संभवनीय वाटते. देवदाराचे मध्यकाष्ठ (खोडाचे आतले लाकूड) तैलयुक्त व टिकाऊ असते. एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातील रेल्वेच्या स्लीपरांसाठी त्याला मोठी मागणी होती. असे लाकूड माल उतरवून फेकून देण्याच्या खोक्यांना कोण वापरील? ‘देवदारी’ या शब्दावरून जाती ठरवू नये, एवढे निश्चित. ‘पाईनवुड’ हे आजचे नावही तितकेच सैल असून त्याखाली स्प्रूस, फर व हेमलॉक ही इतर सूचिपर्णी लाकडेही खपतात.

ओळख : मृदुकाष्ठाची पक्की खूण फळीच्या टोकाला, म्हणजे आडव्या छेदात सापडते. धारदार पटाशीने टोकाचा पातळ काप काढावा, जागा किंचित ओली करावी आणि दहापट भिंगाने पाहावे. पटाशी बोथट असेल तर पेशी चिरडतात व काहीच दिसत नाही. सागात वार्षिक वलयाच्या सुरुवातीला उघड्या डोळ्यांनाही छिद्रांची ओळ दिसते. त्या वाहिन्या, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या रुंद नळ्या होत. मृदुकाष्ठात वाहिन्या नसतात. त्याचा बहुतांश भाग एकसारख्या, ओळीत बसलेल्या वाहिकांचा (अरुंद, लांबट पेशींचा) असल्याने छेद गुळगुळीत, बिनछिद्री दिसतो. वलयाचा फिका भाग वसंतकाष्ठाचा, गडद भाग शरत्काष्ठाचा.

यापुढची पायरी राळनलिकांची (लाकडातील राळ वाहणाऱ्या बारीक नळ्यांची). चीड (पायनस रॉक्सबर्घाय), कैल (पायनस वॉलिचियाना) व न्यूझीलंडहून येणारा रेडिएटा पाइन या सर्वांत त्या सुईच्या टोकाएवढ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. स्प्रूसमध्ये त्या बारीक व विरळ असतात. फर व हेमलॉकमध्ये एरवी नसतात. देवदारातही नसतात, पण झाडाला जखम झाली असल्यास एका ओळीत उमटतात. नवख्याची फसगत होते ती येथे, कारण अशी ओळ पाहून देवदाराला पाइन म्हटले जाते. अशा वेळी वास कामी येतो : रंधा मारताच देवदाराचा उग्र, सुगंधी दर्प सुटतो, पाइनचा वास टर्पेंटाइनच्या जवळचा असतो, तर फर जवळजवळ बिनवासाचे. चीड आणि कैल यांतला भेद वलयावरून करतात. चिडात फिक्यातून गडद भागाकडचा बदल एकदम होतो व फळीवर ठळक पट्टे उठतात. कैलमध्ये तो हळूहळू होतो, म्हणून त्यावर रंधा व पटाशी एकसारखी चालते. स्प्रूस व फर मात्र भिंगानेही खात्रीने वेगळे करता येतीलच असे नाही. त्याला सूक्ष्मदर्शक लागतो. व्यापारात ती बहुधा एकत्रच विकली जातात आणि कपाटाच्या कामाला त्याने फारसे बिघडतही नाही.

वजनाचा आधार स्थूल आहे. 12 टक्के आर्द्रतेला चीड व देवदार घनमीटरला सुमारे 550 ते 580 किग्रॅ., कैल 515च्या आसपास, फर व स्प्रूस त्याहून हलके. साग सुमारे 650. फळी ओली असेल तर हा आधार निरुपयोगी ठरतो.

आर्द्रता : निवडीत जातीपेक्षा कोरडेपणाला अधिक महत्त्व द्यावे, निदान नाशकात तरी. समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवरील या शहरात एप्रिल-मेच्या दुपारी हवा अतिशय कोरडी असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये तीच ओलीचिंब होते. फळी या फरकाबरोबर आक्रसते व फुगते. भारतीय मानक आयएस 287 मध्ये देशाचे आर्द्रतेनुसार चार विभाग करून कामागणिक लाकडातील पाण्याची मर्यादा दिली आहे. लाकडातील पाणी सुमारे 28 ते 30 टक्क्यांच्या खाली गेल्यावरच आक्रसणे सुरू होते. ते वलयांच्या दिशेने सर्वाधिक, किरणांच्या दिशेने (गाभ्याकडून सालीकडे) त्याच्या साधारण निम्मे आणि लांबीत नगण्य असते. चपट्या चिरीची (वलये पृष्ठाला जवळजवळ समांतर असलेली) 6 इंची पाइन फळी 16 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आली, तर रुंदीत अंदाजे 3 मिमी., म्हणजे सुतारी मापाने जवळजवळ एक सूत कमी होते. पावसाळ्यात गच्च बसवलेल्या दाराच्या दिलह्याला (चौकटीत बसवलेल्या फळीला) उन्हाळ्यात फट पडते ती हीच.

पिनांच्या आर्द्रतामापकाशिवायही तपासता येते : फळीच्या टोकापासून हातभर आतला तुकडा कापून वजन करावे, सुमारे 103 अंश से. तापमानाला वजन स्थिर होईपर्यंत वाळवावे आणि घट कोरड्या वजनाने भागावी. 112 ग्रॅमचा तुकडा 100 ग्रॅम भरला, तर आर्द्रता 12 टक्के. टोकाचाच तुकडा घेऊ नये. टोक आधी वाळते.

निवड : फळी डोळ्यासमोर धरून लांबीत पाहिल्यास बाक व पीळ दिसतो. टोकाकडील वलये पृष्ठाला जवळजवळ काटकोनात असतील तर फळी स्थिर राहते. वलये कमानीसारखी असतील तर वाळताना ती कमान सरळ होऊ पाहते व फळीची सालीकडची बाजू खोलगट होते. गाभा (ओंडक्याचा मध्यबिंदू) असलेली फळी टाळावी, ती बहुधा चिरते. भोवतालच्या लाकडाशी एकजीव असलेली गाठ चालते. काळ्या कड्याची मेलेली गाठ पुढे निखळून भोक ठेवते.

दाबकाष्ठ हा दोष मात्र सहज नजरेतून सुटतो. कललेल्या सूचिपर्णी झाडाच्या खालच्या बाजूला ते तयार होते. वलये एका बाजूला रुंद, रंग निस्तेज तांबूस. असे लाकूड लांबीतही आक्रसते, त्यामुळे वखारीत सरळ असलेली फळी घरी आल्यावर धनुष्यासारखी होते. बुरशीचा निळा डाग हा त्या मानाने दिसण्यापुरताच दोष. मजबुतीत त्याने फारसा फरक पडत नाही.

पॅलेटच्या फळ्यांवर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह, देशाचा संकेत व ‘एचटी’ किंवा ‘एमबी’ अशी मोहोर असते. ‘एचटी’ म्हणजे फळीच्या अगदी आतल्या भागापर्यंत 56 अंश से. तापमान 30 मिनिटे दिलेले लाकूड. ही प्रक्रिया किडीसाठी आहे. तिने फळी सुकलेली असतेच असे नाही, जरी विकणारे तसे सुचवतात. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी. असे लाकूड खेळणी व स्वयंपाकघराच्या कामासाठी वगळावे.

पाइनचे रसकाष्ठ (सालीलगतचे लाकूड) वाळवीला लवकर बळी पडते, पण औषध चांगले शोषते. गाठींतून राळ झिरपू नये म्हणून त्यांवर रंगाआधी चपड्याचा (लाखेच्या रोगणाचा) हात देतात. खिळा टोकाजवळ ठोकायचा असल्यास आधी भोक पाडतात. विक्री घनफुटावर होते : 6 फूट लांब, 6 इंच रुंद व 1 इंच जाड फळी म्हणजे पाव घनफूट. मात्र माप बहुधा चिरलेल्या आकाराचे धरतात. रंध्यावर जाणारा सूत-दीड सूत गिऱ्हाइकाचा.