मॉडिफाय केलेली जीप घेताय? आधी आरसी बुक जीपशेजारी धरून वाचा

जाहिरातीत जीप झकासच दिसते. रुंद टायर, पुढे विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचा दोरखंडाचा रहाट), बॉनेटला हवेसाठी पाडलेला झरोका, मिलिटरी हिरवा मॅट रंग, आणि खाली एक ओळ: "पेपर क्लिअर, नावावर करून मिळेल." गाडी थार असो, जिप्सी असो, महिंद्राची जुनी एमएम-५४० असो, नाहीतर हरियाणातल्या मंडी डबवालीहून बांधून आणलेली उघडी जीप असो, व्यवहार तरतो किंवा बुडतो तो या ओळीवर. विकणाऱ्याच्या लेखी पेपर क्लिअर म्हणजे टॅक्स भरलेला आणि बँकेचा बोजा उतरलेला. आरटीओच्या लेखी पेपर क्लिअर म्हणजे आरसीत लिहिलंय तेच समोर उभं आहे.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ याविषयी आहे. कंपनीने मुळात दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. मान्यताप्राप्त सीएनजी किटसारखे मोजके बदल परवानगीने होतात. तशाच बनावटीचं, तशाच प्रकारचं इंजिन बदलायचं असलं तरी आधी मंजुरी आणि नंतर आरसीत नोंद लागते. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे कलम कडकपणे वाचलं. रंग बदलणं किंवा नियमांत बसणारी किरकोळ जोडणी चालेल, पण मूळ रचनेशी विसंगत बदल नोंदवून देता येणार नाही, असा त्याचा सारांश. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ(४) आलं. बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "प्रत्येक फेरफारामागे" हे शब्द जीपवाल्यांनी दोनदा वाचावेत.

अमेरिकेत १९३२ च्या फोर्डची मडगार्डं काढून, इंजिन फुगवून हॉट रॉड करायची जुनी परंपरा आहे. आपल्याकडे घरी किंवा गॅरेजात जुळवलेल्या गाडीसाठी तसा सोपा वेगळा रस्ता नाही. त्यामुळे अशी प्रत्येक जीप कुठल्यातरी जुन्या नोंदणीवर उभी असते. ती नोंदणी खरोखर याच जीपची आहे ना, हे ठरवणं हे तुमचं पहिलं काम.

बघायला जाल तेव्हा

रॉकेलचा बोळा, पातळ कागद आणि पेन्सिल सोबत न्या. चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्याच्या, पट्टीवरचा नंबर ग्रीस पुसून उघडा करा, त्यावर कागद धरा आणि पेन्सिल आडवी घासून ठसा घ्या. सगळे अंक एका उंचीचे, एका खोलीचे यायला हवेत. आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे असतील, पत्र्याचा तुकडा वेल्ड केलेला असेल किंवा नेमक्या तेवढ्याच वीतभर जागेवर ताजा काळा रंग असेल, तर चहा पिऊन घरी या. किंमत कितीही पाडून मिळाली तरी.

मग इंजिन नंबर, इंधन, सीसी, आसनसंख्या, रंग, बॉडीचा प्रकार आणि उत्पादनाचा महिना-वर्ष आरसीशी ताडून बघा. माझ्या ओळखीतल्या एकाने जिप्सी घेतली. जिप्सी मुळात पेट्रोलची, बॉनेटखाली मात्र दुसऱ्याच कंपनीचं डिझेल इंजिन. घेताना त्याला ते कौतुकाचं वाटलं, "काय ओढते!" पीयूसीवाल्याने गाडी सुरू करायला सांगितली, दोन सेकंद आवाज ऐकला आणि स्क्रीनवर "पेट्रोल" वाचून मशीनची नळी परत हुकाला अडकवली. पीयूसी नाही म्हणून नावावर करण्याचं काम अडलं, आणि गाडी आठ महिने गोठ्याशेजारी उभी राहिली.

बदलांचे मी मनाशी तीन ढीग करतो. रंगासारखे बदल आरटीओत अर्ज करून नोंदवता येतात. बुलबार (पुढच्या बंपरवर बसवलेला लोखंडी कठडा), प्रेशर हॉर्न, मोकळा सायलेन्सर हे काढूनच टाकायचे. बुलबारबाबत केंद्रीय रस्ते परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. परक्या बनावटीचं इंजिन, कापून आखूड-लांब केलेली चेसिस, बदललेला बॉडी प्रकार हा तिसरा ढीग. तो नोंदवता येत नाही, आणि काढायचा तर अर्धी जीप नवी करावी लागते. तिसऱ्या ढिगातली गाडी रस्त्यासाठी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त खासगी ट्रॅकवर पळवायची असेल तर गोष्ट वेगळी, पण तिथपर्यंत ती दुसऱ्या गाडीवर लादून न्यावी लागेल.

कागदपत्रं

विक्रेता आरसीवरचा नोंदणीकृत मालकच हवा. "मालक बाहेरगावी आहेत, टीटी फॉर्मवर सह्या घेऊन ठेवल्यात" (टीटी फॉर्म म्हणजे नाव बदलण्याचे फॉर्म) हे ऐकलंत की सावध व्हा. वापरलेल्या गाड्यांचा व्यापारी मध्ये असेल, तर १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांनुसार त्याच्याकडे आरटीओचं प्राधिकारपत्र लागतं. ते मागायला लाजू नका.

नेहमीच्या हस्तांतरणाला फॉर्म २९ (विकणाऱ्याची सूचना), फॉर्म ३० (दोघांच्या सह्या), मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, तुमचा पत्त्याचा पुरावा, पॅन किंवा फॉर्म ६०, फोटो आणि चेसिसचा ठसा लागतो. बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. मालक वारला असेल तर वारसासाठी फॉर्म ३१, सरकारी लिलावातली गाडी असेल तर फॉर्म ३२. गाडी परराज्यातली असेल तर मूळ आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी, महाराष्ट्राचा नंबर घेण्यासाठी फॉर्म २७, आणि इथला टॅक्स. डबवालीच्या जिपेचा भाव काढताना हा टॅक्स हिशेबात धरलेला नसतो, तो स्वतः धरा. चोरीची गाडी नाही ना, हे एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) 'वाहन समन्वय' सेवेत तपासता येतं.

१५ वर्षं उलटलेल्या जिपेची आरसी नूतनीकरण झालेली आहे का ते बघा. हे फॉर्म २५ वर होतं, पाच वर्षांसाठी, आणि गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. हलक्या वाहनाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या गाड्यांसाठी १०,००० केली गेली. पर्यावरण कर वेगळा.

"व्हिंटेजमध्ये करून घेऊ" असं कोणी सुचवलं तर तोही मार्ग सहसा बंद असतो. २०२१ च्या नियमात ५० वर्षांवरची गाडी चालते, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसलेलीच. शिवाय ती रोजच्या वापराला नाही.

क्रम

आधी फेरफार निस्तरा, मग नाव बदला, आणि फेरफाराचं काम विकणाऱ्याच्याच नावावर असताना त्याच्याकडून करून घ्या. रंगाची नोंद त्याने करायची, बुलबार त्याने उतरवायचा. त्यानंतर परिवहनच्या वाहन पोर्टलवर हस्तांतरणाचा अर्ज भरा. ओटीपी विकणाऱ्याच्या मोबाइलवर जातो. तो नंबर जुना असेल तर आधी तो बदलून घ्यावा लागतो, यातच कित्येकांचे आठवडे जातात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, परराज्यासाठी ४५ दिवस. घेणाऱ्याची मुदत ३० दिवस.

विकणाऱ्याला घाई नसेल तर त्याला एक सांगा: आरसीवर ज्याचं नाव, तोच अपघाताच्या भरपाईला मालक धरला जातो, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये म्हटलं आहे. मग तो स्वतःहून फोन करतो.

विमा कंपनीला १४ दिवसांत लेखी कळवा, आणि गाडीत काय काय बसवलंय तेही लिहा. न सांगितलेल्या बदलावरून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाकडेच राहतो.

बयाणा द्याल तेव्हा साध्या कागदावर का होईना लिहून घ्या: आरसी नावावर झाल्यावरच शेवटची रक्कम. आणि विकणाऱ्याच्या माळ्यावर गोणपाटात बांधलेला मूळ सायलेन्सर, कंपनीचे रिम, मागची मूळ सीट असतेच, ती आठवणीने मागून घ्या. तो फुकट देतो. बाजारात शोधायला गेलात की त्याच वस्तूंना सोन्याचा भाव असतो.